एअर पिस्टलच्या तोंडाशी काय बसवावं? कॉम्पेन्सेटर निवडण्याचं, बसवण्याचं आणि तपासण्याचं मार्गदर्शन

आधी कोणता प्रकार खेळता ते पक्कं करा, कॉम्पेन्सेटरचा, म्हणजे छर्र्यामागून सुटणारी हवा वळवणाऱ्या बॅरलच्या तोंडावरच्या नळीचा, विषय त्यानंतर. इंदूरमध्ये हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो. कुणाच्या तरी पिस्टलवर चकाकणारी नळी दिसते, तिच्यामुळे झटका कमी बसतो असं कानावर येतं, आणि पोरगा घरी जाऊन बाबांकडे तीच मागतो. ती त्याच्या प्रकारात चालते का, त्याच्या पिस्टलवर बसते का आणि त्याच्या मनगटाला झेपते का, हे पैसे गेल्यावर कळतं.

नियम अगदी स्पष्ट आहेत. १० मीटर एअर पिस्टलमध्ये कॉम्पेन्सेटर आणि छिद्रं पाडलेली बॅरल चालते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्पर्धेच्या पिस्टलांमध्ये यातलं काही ना काही कारखान्यातूनच येतं. १० मीटर एअर रायफलमध्ये कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक (झटका कमी करणारा तोंडावरचा भाग) दोन्ही बंद, आणि बॅरलला किंवा तिच्या पुढच्या नळीला छिद्रंही चालत नाहीत. २५ मीटरच्या .२२ पिस्टलवरही कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक किंवा छिद्रांची बॅरल नको. २००४ पर्यंत २५ मीटरच्याच रॅपिड फायर प्रकारात .२२ शॉर्ट काडतुसं आणि छिद्रांच्या बॅरली सर्रास दिसत. २००५ पासून .२२ लाँग रायफल काडतुसं आली आणि ते पर्व संपलं. शेजारच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनला रॅपिड फायरमध्ये रौप्य जिंकलं, ते या नव्या नियमांच्या काळात. म्हणून जो मुलगा दोन्ही प्रकार खेळतो त्याने कॉम्पेन्सेटरचा एअर पिस्टलपुरताच विचार करावा. .२२ वर त्याला पकड आणि मनगट यांवरच भागवावं लागेल.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्टलला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्टल साधारण ६ ज्यूलचं असतं, त्यामुळे ती अडचण नाही. बंदुकीचं प्रकरण मात्र निराळं. तिचा आवाज किंवा उडणारी ज्वाळा लपवण्यासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नियमांच्या प्रतिबंधित वर्गात येतात, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवाना नसताना बंदुकीची बॅरल छोटी करणं हा गुन्हा आहे. ऑनलाइन ‘सायलेन्सर’ नावाने जे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका. या लेखात जे आहे ते एअर पिस्टलपुरतं आहे. ते उचलून .२२ ला लावू नका.

कॉम्पेन्सेटर करतो काय

छर्रा साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचा आणि त्याचा वेग १५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. ०.४९ ग्रॅम आणि १५५ मीटर धरले, तर पाऊण ते एक किलोच्या पिस्टलला छर्र्याकडून मिळणारा मागचा धक्का सेकंदाला ८ ते १० सेंटिमीटर वेगाइतका होतो. बॅरलमध्ये छर्रा दोन-तीन मिलिसेकंद असतो. एवढ्यात हाताला काही कळतही नाही. छर्रा बाहेर पडला की त्याच्या मागून दाबलेली हवा सुटते आणि झटक्यात भर घालते. शिवाय ती सुटताना छर्र्याच्या मागच्या घेराला ढकलते, आणि ती सगळीकडून सारखी सुटली नाही तर छर्रा किंचित डगमगतो.

कॉम्पेन्सेटरची सत्ता फक्त या हवेवर आहे. तो ती वर किंवा बाजूला वळवतो, म्हणजे तोंड कमी उचललं जातं, आणि छर्र्याच्या शेपटीवरची हवा आधीच छाटून टाकतो. छर्र्याने दिलेला धक्का जसा होता तसाच राहतो. तो धक्का शोषून घेण्याचं काम पिस्टलच्या आतल्या अॅब्सॉर्बरचं, जो आज स्टायर एलपी १० आणि त्यानंतरच्या बऱ्याच पिस्टलांत बसवलेला येतो. कॉम्पेन्सेटरने पिस्टल शांत होईल, पण निष्प्राण होणार नाही. ही अपेक्षा आधी पक्की करा, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

आखूड बॅरल असेल तर

मुलांसाठी, नाजूक मनगटांसाठी आणि ज्यांना तोंडाशी जड पिस्टल सांभाळत नाही त्यांच्यासाठी कॉम्पॅक्ट पिस्टलं येतात. बॅरल आखूड, वजन कमी. बॅरल जेवढी आखूड, तेवढा छर्रा बाहेर पडताना मागे राहिलेला हवेचा दाब जास्त. म्हणजे त्याच वेगासाठी आखूड बॅरलच्या तोंडाशी हवेचा फटका मोठा, आणि तिथे कॉम्पेन्सेटरचा उपयोगही जास्त. लांब बॅरलमध्ये हवेला पसरायला जागा मिळाल्यामुळे फटका आधीच मवाळ झालेला असतो. त्याच्यावर मोठा कॉम्पेन्सेटर बसवला की वजन तेवढं वाढतं आणि फायदा थोडाच मिळतो.

आखूड बॅरलचा एक तोटाही आहे. मागची साइट आणि पुढची साइट (नेम धरायच्या खुणा) यांच्यातलं अंतर कमी, त्यामुळे हाताची तीच थरथर कागदावर मोठी दिसते. कॉम्पेन्सेटर पुढे लांबला आणि पुढची साइट त्याच्यावर बसत असेल तर हा तोटा काहीसा भरून निघतो. पण मग साइटची स्थिरता पूर्णपणे कॉम्पेन्सेटरच्या पकडीवर अवलंबून राहते. हा मुद्दा पुढे येईलच.

चार पर्याय

पहिला, काहीच न बसवणं. साधा तोंडाचा कॉलर ठेवायचा, बॅरलच्या कडेचं रक्षण होईल एवढाच. सुरुवातीच्या वर्षभरासाठी हा पर्याय अगदी योग्य आहे, कारण शिकणाऱ्याचे गुण झटक्यामुळे जात नाहीत, ट्रिगर हिसकून ओढल्यामुळे जातात.

दुसरा, छिद्रांची बॅरल. बॅरलच्या वरच्या भागात बारीक छिद्रं असतात, त्यातून छर्रा जाण्याआधीच थोडी हवा निघून जाते. झटका मृदू होतो, पण तोच वेग ठेवायला एका शॉटला हवा जास्त लागते. छिद्रांच्या कडांना शिसं धरतं, म्हणून साफसफाई जास्त ठेवावी लागते.

तिसरा, शंकूचा कॉम्पेन्सेटर. बॅरलच्या तोंडापुढे छोटी पोकळी, तिच्यापुढे मध्यभागी छिद्र असलेला शंकू. छर्रा छिद्रातून निघतो, हवा शंकूवर आदळून बाजूच्या खिडक्यांतून बाहेर जाते. अचूकतेसाठी हा प्रकार आम्हांला सर्वांत भरवशाचा वाटतो. चौथ्यात अशा दोन-तीन पोकळ्या आणि फक्त वर उघडणाऱ्या खिडक्या असतात. तोंडाचा उसळ याने सर्वांत कमी होतो. पण वजन पुढे येतं, आणि शिसं आत साचलं की दिसत नाही.

तोंडाजवळ बसणारं वजन, ज्याला सगळे बॅरल वेट म्हणतात, हवेला हातही लावत नाही. पिस्टल जड झालं की उसळ कमी होते एवढंच त्याचं काम. खांदा-मनगट मजबूत असणाऱ्याला ते कधी कधी कॉम्पेन्सेटरपेक्षाही उपयोगी पडतं.

वजनाचा हिशेब

१० मीटर एअर पिस्टलची हद्द १५०० ग्रॅम, आणि सगळं पिस्टल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे. साधं पिस्टल ९०० ते १००० ग्रॅमचं असल्यामुळे वजनाची हद्द सहसा कुणाला आडवी येत नाही. पेटीची लांबी मात्र लांब कॉम्पेन्सेटरला येऊ शकते. घरी पुठ्ठ्याची ४२० × २०० ची चौकट कापून पिस्टल त्यात आडवं ठेवून पाहा, आणि ५० मिमीसाठी पकडीची सर्वांत जाड जागा व्हर्नियरने मोजा. पकड मोठी करणारे लाकडाचे भाग बहुतेक वेळा इथेच अडतात.

दुसरा हिशेब महत्त्वाचा. मनगटापासून ३० सेंटिमीटर पुढे बसवलेले २० ग्रॅम म्हणजे १० सेंटिमीटरवर बसवलेले ६० ग्रॅम. कॉम्पेन्सेटर हलका वाटतो म्हणून तो हाताला हलका पडेल असं नाही. घेण्याआधी त्याच वजनाची शिशाची पट्टी (इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात पातळ पत्रा मिळतो) पुढच्या साइटखाली टेपने गुंडाळा आणि आठवडाभर सराव करा. पिस्टल रिकामं, दाबलेल्या हवेचा सिलेंडर काढलेला, फक्त भिंतीवरच्या पांढऱ्या कागदावर साइट धरून. ४० व्या शॉटनंतर साइट खाली ओघळायला लागली तर तो कॉम्पेन्सेटर तुमच्यासाठी जड आहे. ६० शॉटच्या सामन्याला १ तास १५ मिनिटं असतात, तेव्हा शेवटचे २० शॉट हाच खरा निकष.

बसवणं

कॉम्पेन्सेटर नेहमी पिस्टल बनवणाऱ्याच्याच मॉडेलचा घ्या. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पारदिनी, फाइनवेर्कबाउ यांच्या बॅरलची बाहेरची मापं, आटे आणि साइटची बैठक वेगवेगळी असतात. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या लेथवर ‘थोडं घासून’ बसवून देणारे मिळतात, त्यांच्या हाताला दोष नाही. पण बॅरलच्या तोंडाची कड ०.०५ मिमी जरी तिरकी कापली गेली तरी छर्रा एका बाजूला ढकलला जातो, आणि ती कड पुन्हा मूळची होत नाही. बॅरल लेथवर देऊ नका.

सिलेंडर काढा, पिस्टल वाकवून किंवा लिव्हर उघडून आत छर्रा नाही हे डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग सेफ्टी फ्लॅग (पिस्टल रिकामं असल्याची खूण म्हणून बॅरलमध्ये घालायची रंगीत दोरी) घाला. बॅरलची बाहेरची बाजू कोरड्या मलमलीने पुसा. तेल लावू नका, कारण पकड घर्षणाची असते. कॉम्पेन्सेटर मागे पूर्ण टेकेपर्यंत सरकवा आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळला तर कॉम्पेन्सेटर दुसऱ्या बाजूला झुकतो. छोट्या एलन चावीची लांब बाजू हातात धरून दोन बोटांनी जेवढं जमेल तेवढंच. पाईप घालून जोर लावणाऱ्यांचे आटे गेलेत, आणि पिस्टलवरचा तो भाग नवा येईपर्यंत पूर्ण मोसम बसून काढावा लागतो. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावायचा असेल तर निळा, कमी ताकदीचा, आणि तोही स्क्रूच्या टोकावर एक टिपका.

आता संरेखन तपासा. छर्र्यापेक्षा किंचित बारीक, म्हणजे ४.४ मिमीची सरळ प्लॅस्टिकची काडी तोंडाकडून हळूच बॅरलमध्ये सरकवा. कॉम्पेन्सेटरच्या छिद्रातून जाताना काडीच्या चारही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. ४.५ मिमीच्या छर्र्यासाठी हे छिद्र साधारण ५ ते ६ मिमीचं असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव ते पाऊण मिमी. एका बाजूला काडी कडेला टेकली तर स्क्रू सोडून पुन्हा बसवा. धातूची काडी वापरू नका, बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना ओरखडा जातो.

कागदावरची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण टाळतात. १० मीटरवर टेकवून, शक्यतो क्लॅम्पमध्ये, आधी कॉम्पेन्सेटरशिवाय ५ शॉटचे ५ ग्रुप (एकाच नेमावर काढलेल्या शॉटांचे पुंजके), मग कॉम्पेन्सेटर लावून ५ ग्रुप. एकाच डबीतले, एकाच लॉटचे छर्रे, आणि सिलेंडरचा दाब दोन्ही वेळा सारखा. मॉडेल तोंड उघडं ठेवू देत नसेल तर तुलनेला कारखान्याचा टेस्ट कार्ड, म्हणजे तिथे काढलेल्या ग्रुपचा कागद, घ्या, तो नव्या पिस्टलसोबत येतो. ग्रुप मोजताना छिद्रांच्या सर्वांत बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा.

कॉम्पेन्सेटर लावल्यावर ग्रुप मोठा झाला तर दोष छर्रा-शंकूच्या टेकण्यात असण्याची शक्यता सर्वाधिक. शंकूच्या आतली कड कापसाच्या काडीने पुसा. एकाच बाजूला राखाडी पट्टा आला की छर्रा तिथे घासतोय. चारही बाजूंना सारखी करडी धूळ असेल तर ती हवेबरोबर आलेलं शिसं आहे, काळजीचं कारण नाही. ग्रुपमध्ये चार शॉट एकत्र आणि पाचवा लांब, असं वारंवार झालं, तर घासण्याची खूण म्हणून हेच धरा.

उभ्या रेषेत पसरलेला ग्रुप मात्र कॉम्पेन्सेटरवर ढकलू नका. १५० आणि १४५ मीटर प्रतिसेकंद या दोन वेगांमध्ये १० मीटरवर फक्त दीड मिमीचा फरक पडतो. वेग ३-४ मीटरने खालीवर होत असेल आणि तरीही ग्रुप ६ मिमी उभा असेल, तर दोष पकडीत, खांद्यात किंवा ट्रिगरमध्ये आहे. वेग त्याहून जास्त हलत असेल तर रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) कारागिराला दाखवा.

आणखी एक सोपी परीक्षा आम्हांला फार उपयोगी वाटते. दोन सेंटिमीटर रुंदीच्या टिश्यू पेपरच्या दोन पट्ट्या कॉम्पेन्सेटरच्या डाव्या-उजव्या खिडक्यांजवळ टेपने चिकटवा, छर्र्याच्या वाटेत नाही. क्लॅम्पमधून एक शॉट काढा आणि मोबाइलवर स्लो मोशन घ्या. दोन्ही पट्ट्या सारख्या उडाल्या पाहिजेत. एक फडफडली आणि दुसरी हलली नाही, तर एक खिडकी शिशाने बुजली आहे किंवा कॉम्पेन्सेटर फिरलेला आहे.

साइट आणि कॉम्पेन्सेटरचं नातं

पुढची साइट कॉम्पेन्सेटरवर बसवलेली असेल तर सैल स्क्रू म्हणजे सैल साइट. साइटमधलं अंतर ३३० मिमी धरा. पुढची साइट ०.१ मिमी सरकली, की १० मीटरवर छर्रा ३ मिमी सरकतो. १० चा घेर ११.५ मिमीचा आहे आणि एक गुण म्हणजे ८ मिमी. रेषेवरच्या कितीतरी शॉटांचं नशीब या तीन मिमीवर ठरतं, आणि खेळाडू बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. सराव सुरू करण्याआधी दररोज बोटांनी कॉम्पेन्सेटर डावी-उजवीकडे वळवून पाहा. साइटवर आणि कॉम्पेन्सेटरवर मिळून एक बारीक पेन्सिलची रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू तपासा, आणि झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी येतील अशी साइटची जुळणी, पुन्हा करा.

झिरो बदलणं साहजिकच आहे. कॉम्पेन्सेटर बदलला की पिस्टल वेगळं उसळतं, त्यामुळे १० शॉटांचा ग्रुप बघून मगच साइटच्या स्क्रूचे क्लिक फिरवा. दोन-तीन शॉटांवर क्लिक फिरवणाऱ्याचा दिवस क्लिकमध्येच जातो.

हाताची परीक्षा

कागदाने अचूकता सांगितली, आता साइट परत कशी येते ते पाहायचं. मागे कोरा पांढरा कागद लावा, १० शॉट काढा, आणि प्रत्येक शॉटनंतर दोन सेकंद हात खाली न आणता पुढची साइट पाहत राहा. साइट वर उचलली जाऊन त्याच रेषेत, त्याच जागी परत आली पाहिजे. सरळ वर जाऊन परत आली तर उत्तम. उजवीकडे फिरत परत आली तर पकडीचा अंगठा किंवा करंगळी दाबते आहे, कॉम्पेन्सेटर नाही. लेझर ट्रेनर (नेम कुठे कुठे फिरला त्याची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर शॉटनंतरची रेघ पाहा. कॉम्पेन्सेटर लावल्यानंतर ती लहान झाली, पण शॉट सुटण्याच्या आधीची रेघ मोठी झाली, तर वजन तोंडाशी जास्त आहे. अशा वेळी कॉम्पेन्सेटर काढून ठेवणंच चांगलं, कारण गुण शॉटच्या आधीच्या रेघेवर मिळतात.

साफसफाई आणि इंदूरचा मोसम

शंकू आणि खिडक्या दर ५०० शॉटांनंतर कोरड्या कापसाच्या काडीने साफ करा. बहुपोकळीच्या कॉम्पेन्सेटरला ३०० नंतरच. शिसं घट्ट बसलं तर लाकडी टूथपिकने खरवडा, लोखंडी सुईने नाही. हात धुवा, आणि कॉम्पेन्सेटर साफ केलेला कापूस मुलांच्या हाती लागू देऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओलावा असतो. हातपंपाला कोरडी हवा देणारं फिल्टर नसेल तर पाणी सिलेंडरमध्ये जातं आणि बारीक थेंबांनी कॉम्पेन्सेटरच्या आत गंजाचे ठिपके येतात. स्टीलचे भाग सरावानंतर मलमलीने पुसून ठेवा. मे महिन्यात गाडीत पिस्टल ठेवू नका. २०० बारचा भरलेला सिलेंडर उन्हात ठेवणं धोक्याचं आहे. सिलेंडरवर छापलेली मुदत, साधारण १० वर्षांची, उलटली असेल तर स्पर्धेत तो चालत नाही, आणि आम्ही म्हणू, घरीही चालवू नका. भरण्याच्या तोंडाशी आणि ओ-रिंगला खनिज तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नये, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिकॉनचं, आणि तेही कंपनीने सांगितलेलंच.

स्पर्धेला निघण्याआधी पिस्टल, कॉम्पेन्सेटर, वजनं आणि पकड सगळं लावून एकदा तोला. भोपाळच्या राज्य अकादमीच्या रेंजवर तपासणीला उभं राहून स्क्रू काढत बसण्याची वेळ येऊ नये. तपासणीत चिकटवलेल्या स्टिकरनंतर पिस्टलवर काहीही लावायचं किंवा काढायचं नाही. स्पर्धेनंतरही कधी कधी अचानक तपासणी होते, आणि तिथे वजनाची एक पट्टी जास्त सापडली तरी सामना जातो. म्हणून जे सरावात वापरता तेच, त्याच जागी, त्याच स्क्रूवर घेऊन जा, आणि एलन चावी बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवा.